आमटीची वाटी आणि ‘भ’चा शब्द: चार वर्षांच्या मुलाच्या पहिल्या शिवीचं प्रकरण

हे प्रकरण एका विशिष्ट घराचं नाही. लहान मुलाच्या तोंडी पहिली शिवी येते तेव्हा बहुतेक घरांत जे घडतं, ते इथे एका घरात आणून मांडलं आहे. नोंदींचे आकडेही समजण्यासाठी धरलेले आहेत. शिवी छापलेली नाही. ‘भ’ने सुरू होणारी, बहिणीवरून दिली जाणारी, सगळ्यांना ठाऊक असलेली ती, एवढं पुरे.

प्रसंग

भोसरीतलं दोन मजली घर. खाली आजी-आजोबा, आई-बाबा आणि ज्युनिअर केजीत जाणारा मुलगा, वय 4 वर्षं 2 महिने. वरच्या मजल्यावर काका-काकू आणि त्यांचा 11 वर्षांचा मुलगा. रविवारी दुपारी आत्या आणि तिचे यजमान जेवायला आले होते. भात कालवताना मुलाचं कोपर लागून आमटीची वाटी कलंडली. त्याने पसरत चाललेल्या आमटीकडे पाहिलं आणि न चिडता, अगदी स्पष्ट उच्चारात ती शिवी दिली.

क्षणभर सगळे गप्प. मग काकांना हसू आवरेना, ते तोंडावर हात धरून उठले. आजी म्हणाली, “शी शी, तोंड विटाळलं कार्ट्याने!” बाबा ओरडले, “काय म्हणालास? परत बोल!” मुलाने परत बोलून दाखवलं. त्याला तेच सांगितलं होतं. बाबांनी गालात ठेवून दिली. आई त्याला उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली आणि रडणं थांबावं म्हणून हातात मोबाइल दिला. संध्याकाळी आजोबांनी मित्राला फोनवर हा सगळा किस्सा रंगवून सांगितला, तेव्हा मुलगा शेजारीच गाड्या खेळत बसला होता.

“परत बोल” हे दोन शब्द लक्षात ठेवा. मोठा माणूस हे वाक्य ऐकतो तेव्हा त्यातली धमकी ऐकतो. चार वर्षांचं मूल सूचना ऐकतं. इतरांना उद्धटपणा वाटतो तो बऱ्याचदा आज्ञाधारकपणा असतो, आणि त्याच आज्ञाधारकपणाबद्दल त्याला मार बसतो.

त्या अर्ध्या मिनिटात मूल काय शिकलं

शिवीचा अर्थ त्याला माहीत नव्हता, हे उघड आहे. माहीत झालं ते निराळंच: हा एक शब्द उच्चारला की आठ मोठी माणसं हातातला घास थांबवतात, काका हसतात, आजी उभी राहते, बाबांचा चेहरा लाल होतो, आई उचलून घेते, मोबाइल मिळतो, आणि संध्याकाळी आजोबा आपलं कौतुक करतात. चापट लागली हे खरं, पण चापट हिशेबात एकटी होती. बाकी सगळं दुसऱ्या पारड्यात होतं.

सोमवारी शब्द चार वेळा आला, मंगळवारी नऊ, बुधवारी चौदा. प्रत्येक वेळी मुलगा बोलायच्या आधी कुणाच्या तरी तोंडाकडे बघायचा. हे बघणं ही या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची खूण आहे. वाटी कलंडली तेव्हा त्याची नजर आमटीवर होती. सोमवारपासून ती माणसांवर गेली. म्हणजे रविवारी शब्द निसटला होता आणि सोमवारपासून तो वापरला जात होता. या दोहोंच्या मधे घडलं ते फक्त मोठ्यांचं वागणं.

“कुठून शिकलास?”

आईने रविवारी रात्री हा प्रश्न सात-आठ वेळा विचारला. शेवटी उत्तर आलं, “टीचर.” आईने सोमवारी सकाळी शाळेत जाऊन बाईंना जाब विचारला. बाईंना आधी धक्का बसला, मग त्या दुखावल्या.

या वयातलं मूल उलटतपासणीला कंटाळतं आणि जे उत्तर दिल्यावर प्रश्न थांबेल ते देतं. शिवाय एखादा शब्द नेमका कुणाकडून, कधी ऐकला याची आठवण चार वर्षांच्या मुलाला सांगता येईलच असं नाही. त्यामुळे हा प्रश्न विचारू नये. माहिती हवी असेल तर मुलाचा खेळ बघावा.

बुधवारी आईने तेच केलं. मुलगा सोफ्याच्या कडेवरून लाल गाडी ढकलत होता. उशीपाशी गाडी थांबली. त्याने “पॉं पॉं” केलं, डावा हात पंजा वर करून बाहेर झटकला, मान किंचित वाकडी केली आणि तो शब्द म्हटला. पंजा झटकण्याची ती लकब बाबांची होती, हुबेहूब. बाबा चाकण एमआयडीसीत कामाला, रोज सकाळी मुलाला मोशीच्या शाळेत सोडून पुढे जातात. त्या रस्त्यावर गाडी अडली की काचेआड जे बोललं जातं, ते मागच्या सीटवर ऐकू जात होतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या 72 मुलांवर केलेला बाहुलीचा प्रयोग प्रसिद्ध आहे. मोठ्या माणसाला बाहुलीला मारताना पाहिलेली मुलं नंतर तशीच मारत होती, हे सगळ्यांना आठवतं. त्या माणसाने मारताना उच्चारलेले शब्दही मुलांनी उचलले होते, हे मात्र कमी सांगितलं जातं. ती मुलं याच वयाची, सुमारे तीन ते पावणेसहा वर्षांची होती. एकदोनदा कानावर पडलेला नवा शब्द या वयात पक्का बसू शकतो, हेही सुझन कॅरी आणि एल्सा बार्टलेट यांनी 1978 मध्ये दाखवलं. म्हणून “मी त्याच्यासमोर एकदाच तर बोललो” हा बचाव टिकत नाही. त्यातून ते एकदा जोरात, चेहरा बदलून आणि मोठ्या भावनेने बोललेलं असतं. “टेबल” हा शब्द कुणी दात-ओठ खाऊन उच्चारत नाही.

आणखी एक बारकावा. मुलाने शब्द चुकीच्या जागी वापरला नव्हता. वाट अडली, काम बिघडलं, की हे म्हणायचं, असा नियम त्याने गाडीत बसून स्वतः शोधला आणि आमटी सांडल्यावर बरोबर लावला. भाषा शिकण्याच्या दृष्टीने हे चोख काम आहे. हे एकदा पालकांना पटलं की राग निम्मा उतरतो, आणि राग उतरल्याशिवाय पुढचं काही जमत नाही.

पहिले दहा सेकंद

मुलाच्या तोंडून शिवी आली की करायचं ते इतकंच: चेहरा होता तसा ठेवा, एक श्वास घ्या, आणि प्रसंगातल्या खऱ्या अडचणीवर बोला. आमटी सांडली आहे, तर “आमटी सांडली. फडकं आण, पुसू या.” शब्दाबद्दल एक अक्षर नाही. डोळे वटारणं नाही, खोटं हसूही नाही. जेवणाऱ्या बाकीच्यांनी जेवत राहायचं.

सांगायला सोपं, करायला फार अवघड आहे. मोठ्यांचं शरीर आधी बोलतं: भुवया वर जातात, हात थांबतो, नजर बाजूच्या माणसाकडे वळते. मूल हेच टिपतं. म्हणून हातांना काम द्यावं. पाण्याचा तांब्या उचला, ताटात भात वाढा, रुमालाची घडी घाला. हसू फुटत असेल तर उठून स्वयंपाकघरात जा आणि नळ सोडा. हसणं चापटीपेक्षा जास्त नुकसान करतं. चापटीने शब्द लपून बसेल, हसण्याने तो घरचा कार्यक्रम होतो.

पाहुण्यांसमोर तर लाज मधे येते. आत्या काय म्हणेल, आईवडिलांनी काय वळण लावलं म्हणेल, या विचाराने बाबांचा हात उठला होता. ती चापट मुलासाठी कमी आणि पाहुण्यांसाठी जास्त होती. अशा वेळी पाहुण्यांना एक वाक्य सांगून मोकळं व्हावं: “नवीन शब्द उचललाय, आम्ही नंतर बघतो.” आवाज साधा. बहुतेक पाहुण्यांच्या घरातही हे होऊन गेलेलं असतं.

जिभेला मिरची लावणं, साबणाने तोंड धुणं, तोंडावर मारणं, ओठ चिमटणं हे प्रकार अजून घरोघरी चालतात. मिरची हातावरून डोळ्यात जाते, रडत्या मुलाच्या श्वासनलिकेत जाऊ शकते. त्या भीतीने मूल शब्द विसरत नाही. तुमच्यासमोर बोलायचा नाही एवढंच ध्यानात ठेवतं, आणि उद्या शाळेच्या व्हॅनमध्ये कुणी काही घाणेरडं बोललं किंवा केलं, तर तेही तुमच्यापासून लपवतं. आमच्या मते या शिक्षांचं खरं नुकसान हेच आहे.

दोन मिनिटांचं बोलणं

शब्दाबद्दल बोलायचंच नाही असं नाही. प्रसंग थंड झाल्यावर, त्याच दिवशी, शक्यतो झोपायच्या आधी, एकट्याशी आणि दोन मिनिटांत बोलायचं. या घरात आईने बुधवारी रात्री ते असं केलं:

“आज तू गाडी खेळताना एक शब्द बोललास ना?”
“हो.”
“तो शब्द ऐकून माणसांना वाईट वाटतं. आपल्या घरात तो वापरत नाही.”
“बाबा म्हणतात.”
“हो, बाबा म्हणाले. त्यांची चूक झाली. आता तेही नाही म्हणणार.”
“म्हणजे काय असतं ते?”
“कुणाच्या तरी बहिणीबद्दलचं वाईट बोलणं असतं.”
“कुणाच्या बहिणीबद्दल?”
“कुणाच्याही. म्हणून नाही म्हणायचं.”

“बाबा म्हणतात” या वाक्यापाशी बहुतेक पालक अडखळतात. “ते मोठे आहेत” हे उत्तर देऊ नये. त्याने शिवी ही मोठं झाल्याची खूण ठरते, आणि मोठं व्हायची घाई तर प्रत्येक मुलाला असते.

अर्थ विचारला तर खोटं सांगू नका, पण विचारलं त्याहून जास्तही सांगू नका. मराठीतल्या बऱ्याच शिव्या वाक्य अर्धं सोडून देतात. “तुझ्या आयला” ऐकलेलं मूल अगदी निरागसपणे विचारतं, “आयला काय?” मोठ्यांकडे उत्तर नसतं, कारण त्या वाक्यात उरलेलं काही सांगण्यासारखं नाही. “ते अर्धवट वाईट बोलणं आहे, आपण पुरं करायचं नाही” एवढं या वयाला पुरतं.

इथे एक जुनी अडचण आहे. बहुतेक मराठी घरांत गुप्तांगांना नावच नसतं. “शूची जागा”, “तिथे”, “शेम शेम” असं चालतं. मग मुलाच्या कानावर त्या अवयवाचं पहिलं नाव शिवी म्हणूनच पडतं. शिश्न, योनी हे शब्द आंघोळ घालताना, नाक-कान म्हणावं तितक्या सहज सांगितलेले असतील, तर शिवीतल्या शब्दाचं गूढ बरंच कमी होतं. कुणी नको तिथे हात लावला तर ते सांगायलाही मुलाजवळ शब्द असतो.

मोठ्यांची बैठक

गुरुवारी रात्री मुलं झोपल्यावर घरातली सहाही मोठी माणसं बसली. ही बैठक झाली नसती तर बाकी सगळं वाया गेलं असतं, कारण घरात एक माणूस जरी हसलं तरी मूल त्याच्याकडे जातं.

पहिला वाद ‘च्यायला’वर झाला. बाबांचं म्हणणं, ही काय शिवी आहे? मूळ पाहिलं तर ‘तुझ्या आईला’चंच ते झिजलेलं रूप. पण झिजून झिजून अनेक घरांत ते नुसतं उद्गारवाचक झालं आहे, हेही खरं. आजीचं ‘मेल्या’, ‘मुडद्या’ तसंच. शब्दशः पाहिलं तर मरणाची भाषा, आणि नातवाला जवळ घेताना तेच प्रेमाने येतं. मालवणी मुलखात तर असे शब्द मायेचेच असतात, आणि सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातल्या सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवरून एकमेकींना ठरवून शिव्या घालतात. शिमग्याला बोंब मारायची मुभा असते. म्हणजे आपल्या समाजाला शिवी वर्ज्य नाही, तिची वेळ, जागा आणि नातं ठरलेलं आहे. चार वर्षांच्या मुलाला हे वेळ-जागेचं गणित झेपत नाही. वयाच्या सहा-सात वर्षांनंतर हळूहळू झेपायला लागतं.

म्हणून लहान मूल घरात असेपर्यंत नियम सोपा हवा. या घरात ठरलं ते असं: ‘च्यायला’ बंद, ‘मेल्या’ राहील, आई-बहिणीवरचं काहीही कुणीही बोलायचं नाही, आणि चुकून निघालं तर मोठ्यानेच मुलासमोर म्हणायचं, “चुकलं, मी असं बोलायला नको होतं.” दुसऱ्या एखाद्या घराची यादी वेगळी असेल. यादी कोणतीही असो, ती सगळ्यांना सारखी लागू हवी.

11 वर्षांच्या दादाचं प्रकरण थोडक्यात. तो मोबाइलवर लढाईचा खेळ खेळताना स्पीकर उघडा ठेवायचा आणि अनोळखी खेळाडूंची बोलणी खोलीभर ऐकू यायची. त्याला रागावण्याऐवजी काकांनी त्याच्याबरोबर बसून खेळातला आवाज फक्त ओळखीच्या टीमपुरता केला, आणि धाकटा जागा असताना खेळायचं नाही असं ठरलं. घरातल्या टीव्हीचीही सेटिंग पाहिली गेली. ओटीटीवरच्या मालिकांना 2021 च्या नियमांनुसार वयाची खूण असते, आणि 13+ व त्यापुढच्या कार्यक्रमांना पालकांचं कुलूप लावायची सोय द्यावी लागते. ते कुलूप या घरात कुणी लावलेलंच नव्हतं. दहा मिनिटांचं काम होतं.

जागेला दुसरा शब्द

“असं बोलू नको” म्हटल्यावर मुलापुढे खरा प्रश्न उरतो: मग काय बोलू? आमटी सांडली आहे, काहीतरी तर बाहेर पडायला हवं. मोठ्यांनाही ही गरज असते. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स यांनी 2009 मध्ये दाखवलं की बर्फाच्या पाण्यात हात धरून बसलेली माणसं शिवी उच्चारत असली तर जास्त वेळ तग धरतात. तेव्हा जागा रिकामी ठेवून चालत नाही.

आईने आधी “अरे देवा” सुचवलं. चाललं नाही. दोन दिवसांत मुलगा परत ‘भ’वर गेला. कारण तोंडात आहे. मराठी शिव्यांमध्ये भ, झ, घ अशी महाप्राण व्यंजनं आणि ट, ड यांसारखे ठोके भरलेले असतात. त्या उच्चारताना ओठांनी किंवा जिभेने हवा अडते, दाबली जाते आणि सुटते. “अरे देवा”मध्ये काही सुटत नाही, ते उसाशासारखं आहे. पर्यायी शब्द तोंडात तसाच फुटायला हवा. मुलापुढे तीन शब्द ठेवले: ‘भोपळा’, ‘धडाम’, ‘घोटाळा’. त्याने ‘भोपळा’ निवडला. निवड त्याची असणं महत्त्वाचं.

शब्द निवडताना एक फसगत टाळा. कॉलेजच्या मुलांत ‘भेंडी’ हा शब्द त्याच शिवीचा बुरखा म्हणून चालतो. तो दिला तर वर्गातल्या बाईंना बुरख्याआडचं ऐकू येईल.

नुसता शब्द देऊन भागत नाही, तालीम लागते. आई रोज संध्याकाळी पाच मिनिटं ठोकळ्यांचा मनोरा रचायची, मुद्दाम पाडायची आणि दोघं मिळून ओरडायची, “भोपळा!” हसणं, टाळी, जवळ घेणं, जे जे शिवीला मिळालं होतं ते सगळं इथे मिळालं. बाबांनी गाडीत तेच करायचं होतं, आणि बाबांनाच ते सर्वांत जड गेलं. आरशाला भोपळ्याचं चित्र चिकटवलं तेव्हा कुठे आठवण राहू लागली.

जास्त होऊन मग कमी होतं

दुर्लक्ष सुरू झाल्यावर शुक्रवारी शब्द सोळा वेळा आला, शनिवारी एकोणीस. आवाज वाढला. मुलगा आजीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणू लागला. घराचा धीर इथे सुटतो. “दुर्लक्ष करून बघितलं, उपयोग नाही झाला” असं सांगणारे पालक बहुतेकदा याच दिवसापर्यंत आलेले असतात.

उलट हीच चांगली खूण आहे. लिफ्टचं बटण दाबून लिफ्ट आली नाही तर आपण लगेच जिना धरत नाही, आधी बटण जोरात, चार वेळा दाबतो. मुलगा बटण दाबत होता. मानसशास्त्रात याला विलोपनापूर्वीची उसळी म्हणता येईल: मिळणारं फळ बंद झालं की वागणं बऱ्याचदा थोडे दिवस वाढतं, मग ओसरतं. या उसळीत एकदाही कुणी भडकलं किंवा हसलं, तर मूल शिकतं की एकोणीस वेळा म्हणावं लागतं. म्हणजे सवय पहिल्यापेक्षा घट्ट होते.

रविवारी अकरा, सोमवारी सहा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दिवसाला एखादा.

तिसऱ्या आठवड्यात दोन ठिकाणी घसरण झाली. आजीने प्रेमापोटी सौदा केला: “दिवसभर नाही म्हटलंस तर चॉकलेट.” दुसऱ्या दिवशी मुलगा चॉकलेट मागायला आला आणि मिळेना तेव्हा म्हणाला, “म्हणू का मग?” न बोलण्याची किंमत ठरवली की शब्द मुलाच्या हातातलं नाणं होतो. शिवीमागे रुपया टाकायचा गल्लाही याच कारणाने या वयात फसतो. दुसरी घसरण काकांची. शेजारच्या सत्यनारायणाला त्यांनी चार माणसांत मुलाला डिवचलं, “ते काय रे तू म्हणतोस?” त्या संध्याकाळी शब्द पाच वेळा आला. काकांना नंतर समजावून सांगितलं, त्यांनी ऐकलं.

शाळेचं काम उरलं होतं. डायरीत शेरा आला, “वाईट शब्द वापरतो.” आईने आधी सोमवारच्या आरोपाबद्दल बाईंची माफी मागितली, मग तीन गोष्टी सांगितल्या: शब्द घरातूनच आला आहे, आम्ही चेहरा न बदलता विषय बदलतो, आणि ‘भोपळा’ म्हणाला तर तो आमचा शब्द आहे. वर्गासमोर उभं करू नका, ही विनंतीही केली. वर्गासमोर उभं केलं की बाकीच्या पस्तीस मुलांनाही शब्द पाठ होतो.

प्रत्येक शिवी सारखी नसते

वरची पद्धत निसटलेल्या आणि लक्ष वेधणाऱ्या शिवीसाठी आहे. मुलाने ताईला ढकलून, डोळ्यात बघून शिवी दिली, तर ते दुर्लक्षाचं काम नाही. तिथे आधी दुखावलेल्या मुलाकडे जायचं, मग शिवी देणाऱ्याचा राग शब्दांत मांडायचा: “तुला तिचा राग आला, तिने गाडी घेतली. रागावू शकतोस. तिला असं बोलता येणार नाही. ‘माझी गाडी दे’ असं म्हण.” लगेच जबरदस्तीने “सॉरी” वदवून घेऊ नका. गाडी परत मिळून मूल शांत झाल्यावर ताईसाठी काहीतरी करू द्या.

आणि काही वेळा शब्दापेक्षा त्याच्या भोवतीचं ऐकायचं असतं. शिवीबरोबर लैंगिक कृतीचं वयाला न शोभणारं नेमकं वर्णन येत असेल, मूल तसे हावभाव दुसऱ्या मुलांवर किंवा खेळण्यांवर करत असेल, एखाद्या माणसाकडे किंवा व्हॅनमध्ये जायला अचानक नाही म्हणू लागलं असेल, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं असेल, तर शिवीचा विषय बाजूला ठेवा. प्रश्नांचा भडिमार न करता शांतपणे ऐका आणि बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञ गाठा. 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास आणि मोफत आहे.

सहाव्या आठवड्यातला दुसरा शब्द

‘भ’चा शब्द जवळजवळ गेला होता. गाडीत बाबा दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा मागच्या सीटवरून “बाबा, भोपळा!” असं आलं.

मग एका संध्याकाळी मुलाने चिखलाने माखलेल्या दादाला एका जातीच्या नावाने हाक मारली. घाणेरडा, या अर्थाने. खोलीत पाच माणसं होती. कुणाचा घास थांबला नाही, कुणी “शी” म्हटलं नाही, कुणी हसलंही नाही. त्या घरात तो शब्द तसाच वापरला जात होता, आजोबांच्या तोंडी तर रोज.

आमच्या अनुभवाने मराठी घरांतली सर्वांत मोठी चूक इथे होते. आई-बहिणीवरच्या शिवीला घर हादरतं, आणि ज्या शब्दाने खरोखर माणूस तुडवला जातो तो वरणभातासारखा गिळला जातो. ‘लंगडा’, ‘वेडा’, ‘काळी’, ‘रांड’ हे त्याच रांगेतले. ‘रांड’ म्हणजे मुळात विधवा. नवरा मेलेल्या बाईचं दुःख आपण शिवी म्हणून वापरत आलो. जातिवाचक शब्दाचं तर असं आहे की तो चारचौघांसमोर एखाद्या दलित किंवा आदिवासी माणसाला अपमान म्हणून वापरणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. इथे दुर्लक्षाचा नियम लागू पडत नाही. गप्प बसणं हीच मुलाच्या दृष्टीने संमती असते, कारण या शब्दाला घरात कधीच काही झालेलं नसतं.

आई मुलासमोर खाली बसली. आवाज चढवला नाही, पण विषयही बदलला नाही.

“हे माणसांचं नाव आहे. तुझ्या वर्गातल्या कुणाच्या घरचंही असेल. कुणाचंही नाव घाण म्हणून वापरायचं नाही. दादा चिखलात पडला, तर ‘दादा चिखलाने भरलाय’ म्हण.”

“आजोबा म्हणतात.”

आईने सासऱ्यांकडे पाहिलं नाही. मुलालाच म्हणाली, “आजोबांशी मी बोलणार आहे.”

मुलं झोपल्यावर ती अंगणात आजोबांकडे गेली. “बाबा, एक सांगायचंय. रागावू नका.” आजोबा आधी म्हणाले, आमच्या वेळी सगळे असंच बोलायचे. ती म्हणाली, “हो. पण त्याच्या वर्गात तो उद्या हेच बोलेल, आणि ज्याला लागेल ते पोरही चारच वर्षांचं असेल.” आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, “त्याच्या वर्गात आहे का तसं कुणी?”

“आहे. त्याच्याच बाकावर बसतो. परवा डब्यातला लाडू अर्धा त्यानेच दिला होता.”